गार चकती

छातीतलं दुखणं डॉक्टर अजून कानाने ऐकत, त्या काळातली ही गोष्ट. हृदयाच्या डॉक्टर खांबेटेबाईंकडे एक स्टेथोस्कोप होता. त्याची चकती बाई आधी तळहातावर चोळून गरम करत, मगच पेशंटच्या छातीला लावत.

मग दवाखान्यात विचार करणारं यंत्र आलं. तारा चिकटवल्या की ते क्षणात दुखणं सांगे, आणि कधी चुकत नसे. स्टेथोस्कोप खिळ्यावर गेला.

"बाईंना अधूनमधून ऐकू देत जा," स्टेथोस्कोप खिळ्यावरून यंत्राला म्हणाला. "कान विसरतात."

"मी असताना त्यांनी कशाला ऐकायचं?" यंत्र म्हणालं. त्यात गर्व नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

बरीच वर्षं गेली. एका दुपारी रखमाजी नावाचे पेशंट छाती धरून आले आणि नेमकी वीज गेली. यंत्र मुकं झालं. बाईंनी स्टेथोस्कोप ओढून काढला आणि तसाच लावला. गार चकतीने रखमाजी दचकले. स्टेथोस्कोपने आतला एकूण एक आवाज वर पोचवला. बाई पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या.

"काय झालंय मला?" रखमाजींनी विचारलं.

बाईंनी कानांतून नळ्या काढल्या. "वीज येईपर्यंत थांबू या."

स्टेथोस्कोप छातीवरच राहिला होता. ठोके विरळ होत चालले होते, आणि ते फक्त त्याला कळत होतं.