ज्याचा त्याचा फेटा

कोल्हापुरातल्या एका कंपनीच्या सगळ्या वेबसाइटची बटणं, रंग, अक्षरं तयार नमुन्यांच्या एकाच लायब्ररीतून यायची. ती सांभाळायची मृण्मयी. एक दिवस मालक खराडेसाहेब गरजले, "बंद करा ती लायब्ररी! ज्यानं त्यानं आपापलं बनवावं."

साहेबांपुढं बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी कंपनीचा वर्धापनदिन. साहेबांनी बोलावलेल्या फेटेवाल्याला मृण्मयीनं चहाला बसवलं आणि सगळ्यांना आपापला फेटा बांधायला लावला. कुणाचा कानावर कलला, कुणाचा सुटला. साहेबांचा तर नाकावर आला!

"फेटेवाला कुठाय? एकाच्या हातचे फेटे असले की सगळे एका घरचे दिसतात!"

"माझी लायब्ररी तेवढंच करते, साहेब."

साहेब फेट्याआडून हसले. "बोलव त्याला. आणि लायब्ररी बंद करा असं कोण म्हणालं होतं, ते विचारू नकोस."