बिळाच्या तोंडाशी बसलेले कासव

मुलांनो, दाट जंगलातल्या एका तळ्याकाठी एक कासव राहत असे. स्वभावाने भारी भित्रे. वाळके पान सळसळले तरी मान, पाय, शेपूट सारे कवचात ओढून घेई आणि धोंड्यासारखे पडून राही. शेजारीच, जांभळीच्या मुळाखालच्या बिळात एक बेडूक राहत होता. त्याला ना कवच, ना नखे. संकट आले की लांब उडी मारायची आणि उडी चुकलीच तर अंग टम्म फुगवायचे, म्हणजे शत्रूला गिळता येऊ नये, एवढेच त्याला ठाऊक. पण कोल्ह्याची चाहूल त्यालाच आधी लागे. "दादा, आत हो!" असे ओरडून त्याने कासवाला कितीदा तरी वाचवले होते.

एके दुपारी कासव बिळाच्या तोंडाशी सावलीत विसावले होते. इतक्यात बेडूक जिवाच्या आकांताने उड्या मारत आला. मागे गवत सळसळत होते. काय आले, कोण आले हे न पाहताच कासवाने अंग आत ओढून घेतले. त्याच्या कवचाने बिळाचे तोंड बंद झाले.

"दादा, सरक थोडं! मला आत जाऊ दे," बेडूक म्हणाला.

"कोण आहे?" कासवाने आतूनच विचारले.

"साप आहे. तुला तो काही करणार नाही. एक पाऊल सरक, दादा!"

कासवाला ते पटले. त्याचा एक पाय जरासा बाहेरही आला. पण सळसळ अगदी जवळ ऐकू आली आणि पाय पुन्हा आत गेला. "आधी त्याला जाऊ दे ना," ते पुटपुटले.

बेडकाने अंग फुगवले. कवचाला चिकटलेले त्याचे थरथरते पोट कासवाला जाणवत होते. मग तो स्पर्श हळूहळू सुटला. एक लांब, केविलवाणी किंकाळी ऐकू आली, आणि तीही विरून गेली.

बऱ्याच वेळाने कासवाने मान बाहेर काढली. कवचावर साधा ओरखडाही नव्हता. त्या दिवसापासून ते बिळाच्या तोंडाशी कधी बसले नाही. वाट मोकळी ठेवून ते बाजूला बसे. पण त्या वाटेने आत जायला कोणी आले नाही.

तात्पर्य : भीतीपोटी जो वेळेवर एक पाऊल सरकत नाही, त्याचा जीव वाचतो, पण गमावलेला मित्र मागाहून कितीही वाट दिली तरी परतत नाही.