चार बोटं गाठींची

लावा की हात, लाजता कशाला! रेशीम हात लावायलाच असतं. हं, आता सांगा, बोटाला काय लागलं? खरखरीत, गाठीच गाठी. आणि जरा पुढे सरकलात की कसं मऊ! आमच्या वान-तो गावातलं कुठलंही कापडाचं ठाण उलगडा, सुरुवातीची चार बोटं अशीच असतात. शहरातले व्यापारी वैतागतात, कात्रीनं तेवढं कापून टाकतात. टाकू देत. आम्ही काही विणायचं सोडत नाही. येणारे पाहुणे विचारतात, लुएनमावशी, एवढा सफाईदार हात तुमचा, मग सुरुवातच का बिघडवता? बसा त्या बाकावर, सांगते. ही थू, तुमची गाईड, माझं बोलणं तुमच्या भाषेत सांगेल. आणि थू, मधलं काही गाळलंस तर बघ हं, मला कळतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. रेशमाचा किडा तुतीची पानं खाऊन खाऊन टम्म फुगतो, मग त्याला आम्ही बांबूच्या चौकटीवर सोडतो. तिथे तो स्वतःभोवती धागा गुंडाळून कोश करतो. त्याला ऐसपैस जागा लागते. दाटी झाली की दोन किडे मिळून एकच कोश करून बसतात. त्याला आम्ही जोडकोश म्हणतो. दोघांचे धागे एकमेकांत असे गुंततात, की उकलताना नुसत्या गाठी. ज्या घरात जोडकोश जास्त निघतात, तिथल्या सुनेला बोलणी बसतात. मीसुद्धा खाल्ली आहेत, पोटभर.

तर फार पूर्वी, असं सांगतात, आमच्या कापडावर राजाचा लाल शिक्का असायचा. तो शिक्का म्हणजे गावाची शान. गावातले म्हातारे त्या शिक्क्यावर मिशा पिळायचे म्हणे. तेव्हा इथे न्यान नावाची एक विधवा बाई होती. तिची एकच मुलगी, थोआ. अठरा वर्षांची पोर, पण मागावर बसली की मोठमोठ्या बायका आपलं काम टाकून बघत राहायच्या. तिच्या कापडात चूक सापडत नसे, आणि पोरीला त्याचा गर्वही होता. का नसावा? माझ्या हातात तेवढी कला असती तर मी तुमच्याशी बोललेही नसते!

एके वर्षी राजवाड्याचा कारभारी होडीनं आला. किडे शेवटची पानं खात होते, चौकटीवर चढायला पाच-सहा दिवस उरले होते. त्यानं देवळापुढे हुकूम वाचला. या हंगामाच्या रेशमाचं ठाण प्रत्येक घरानं विणायचं, आणि जिचं कापड सगळ्यांत स्वच्छ, बिनचूक निघेल, ती पोर राजवाड्याच्या मागांवर जाईल. कायमची. खालच्या गावातून अशा दोघी गेल्या होत्या. एकीचे आईबाप तिची वाट बघता बघता गेले. तिचा निरोपसुद्धा कधी आला नाही.

हुकूम ऐकून सगळं गाव थोआकडे बघायला लागलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. न्यान घरी येऊन विचार करायला लागली. विणताना मुद्दाम चूक करावी, तर राजाचं रेशीम नासलं म्हणून फटके. पण धागाच वाईट असेल तर? धाग्यात गाठी असल्या तर तो दोष किड्याचा, विणणारीचा नाही. मागच्या हंगामातल्या टाकाऊ जोडकोशांची एक टोपली तिच्या घरी पडून होती. त्याच रात्री तिनं त्यांचा धागा काढला, कांडीवर भरला आणि गुपचूप लेकीच्या मागाशी ठेवला.

थोआनं कांडी हातात घेतली आणि तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "आई, हा जोडकोशाचा धागा आहे. मी हा विणला तर अख्खं गाव माझ्या तोंडावर हसेल."

"हसू दे ना," न्यान म्हणाली. "तोंडावर हसायला तू इथे तर असशील!"

पोरीनं कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि माझ्या जागी कोण जाईल? शेजारची हुए? तिला आई नाही का?"

 न्यान आधी रडली, मग उठली आणि घरोघर गेली. प्रत्येक घरातल्या बाईला तिनं एकच गोष्ट सांगितली. यंदा किडे चौकटीवर दाटीवाटीनं सोडा. अहो, रेशमाच्या गावात असं सांगणं म्हणजे पिकात गुरं सोडा म्हणण्यासारखं! पण ज्यांच्या घरात लेकी होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही ऐकलं. काही जण सांगतात, त्या वर्षी देवीच्या कृपेनं किडे आपणहून जोडीनं बसले. देवीनं कृपा केली असेल, मी नाही म्हणत नाही. पण दाटी बायकांनीच केली होती.

कारभारी परत आला. पहिलं ठाण, गाठी. दुसरं, गाठी. थोआचं तिसरं होतं म्हणे, तेही तसंच. चाळीस घरं फिरून त्याचा अंगठा सोलून निघाला. सगळं त्याला समजलं होतं, पण शिक्षा कोणाला करणार? किड्यांना? त्यानं आमच्या कापडावर मारायचा लाल शिक्का तिथल्या तिथे फोडला आणि होडीत बसून निघून गेला.

पोरी वाचल्या, पण गावाचं नाव गेलं. तीन पिढ्या आमचं रेशीम जाडंभरडं म्हणून मातीमोल विकलं गेलं. म्हाताऱ्यांनी न्यानशी बोलणं टाकलं. तिनं गावाचं नाक कापलं, असं ती मरेपर्यंत ऐकत राहिली. बायकांनी मात्र तेव्हापासून ठाणाची सुरुवात जोडकोशाच्या धाग्यानं करायची, असं ठरवलं.

आणि थोआ? तिचा हात किती चांगला आहे, हे पुन्हा कोणाला दिसलंच नाही. चांगलं विणलं की बातमी राजवाड्यात जायची भीती. मला तिचंच जास्त वाईट वाटतं, खरं सांगते. न्यान गेली तेव्हा थोआनं पेटीच्या तळातून एक कापड काढलं. ती ते वर्षानुवर्षं दार लावून विणत होती. पहिल्या बोटापासून शेवटपर्यंत एक गाठ नाही. गावानं तिचं खरं काम तेवढं एकदाच पाहिलं. त्यात आईला गुंडाळलं, आणि ते मातीत गेलं.

आजही आमच्याकडे आईचं शेवटचं वस्त्र लेकच विणते, आणि त्यात गाठ चालत नाही. ते? त्या कोपऱ्यातल्या मागावरचं? नाही हो, ते विकायचं नाही, उगाच भाव विचारू नका. ते माझं आहे. माझी लेक शहरात कारखान्यात कामाला असते. वर्षातून एकदा नव्या वर्षाच्या सणाला येते, हातभर विणून जाते. अजून तीन हात बाकी आहेत. मी तिला सांगून ठेवलंय, बाई गं, सावकाश विण, मला काही घाई नाही.