पहिल्या घोटाचा मान

वेणुमती नगरावर राजा विपुलसेनाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या डोंगराचा आणि तलावाचा राखणदार होऊन जन्मला होता. शीलक त्याचे नाव. डोंगराचे पाणी झाडीतून झिरपत तलावात येई आणि तिथून पाटाने नगरात जाई. रीत अशी, की डोंगर ज्याच्या ताब्यात, त्याने रोज सकाळी घाटावर सर्वांदेखत तलावाचे पाणी प्यायचे. मगच पाटाचे दार उघडायचे. शीलक तीस वर्षे ते पीत होता आणि ठणठणीत होता.

राजाचा जीव मात्र आपल्या सत्तर हत्तींत. लाडक्यांना ऊन सोसत नाही, या काळजीने त्याला अन्न गोड लागेना. त्याने त्या डोंगरावर गजशाळा बांधायचे ठरवले.

“शीलका, गजशाळेचा मुख्य तूच. सोन्याचे कडे देतो.”

“कडे नको, महाराज. डोंगर तेवढा तसाच राहू द्या. नगर त्याचेच पाणी पिते.”

“डोंगर आजपासून माझा!”

“मग पहिला घोटही आपलाच,” शीलक हात जोडून म्हणाला.

राजाला हा मान फार आवडला. इतकी वर्षे तो एका राखणदाराकडे राहिलाच कसा, याचे त्याला नवल वाटले.

त्याच दिवशी हत्ती डोंगरावर मुक्कामाला गेले. संध्याकाळी एक जोराची सर पडली. सकाळी राजा वाजतगाजत घाटावर आला. शीलकाने सोन्याचे पात्र भरून त्याच्या हाती दिले. पाणी हिरवट होते, आणि त्याचा वास राजाच्या चांगल्या ओळखीचा होता.

“प्रधानजी, आज तुम्ही घ्या.”

प्रधानाला एकाएकी निर्जळी उपवास आठवला. राजाने राणीकडे पाहिले.

“मान तुमचा, मी कसा घेऊ?” ती नाकाला पदर लावून म्हणाली.

रिकामी घागर घेतलेली एक म्हातारी ओरडली, “घ्या की लवकर, महाराज! पोरं तहानेनं कासावीस झालीत. तुमचं झालं की आम्हालाही हेच प्यायचंय.”

आपण ज्याला नाक मुरडतो तेच पाणी ही पोरे पिणार, हे राजाला आता कुठे कळले. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“डोंगर परत घे बाबा, मी चुकलो,” तो शीलकाला म्हणाला. “पण आज ही माणसे काय पितील?”

“लांबच्या नदीला पाणी आहे, महाराज. आणि आपल्याकडे सत्तर हत्ती आहेत.”

तलाव निवळेपर्यंत महिनाभर ते लाडके पाठीवर पखाली घेऊन दारोदार पाणी पोचवत हिंडले. त्यांच्यापुढे राजा स्वतः चालत असे.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, ती म्हातारी म्हणजे आजची भिक्षुणी सुयामा. विपुलसेन म्हणजे आज सकाळी विहाराच्या पिण्याच्या टाक्यात चीवर धुणारा हा कपिलदत्त. शीलक मीच होतो. लोभाला न भुलता सर्वांचे हित ओळखणे, या गुणाला प्रज्ञा म्हणतात.”

कपिलदत्त टाके उपसायला उठला.