दहा किलोच्या वरचा मासा

कर्रर्रऽ… नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज. गळाच्या काठीवरच्या रिळातून दोरा सुटल्याचा. एकदाच ऐकला, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून आठवला की मी चहाचा कप खाली ठेवतो.

आमच्या धरणाकाठी एका वाडीत एक भोळा गडी होता. वाडीचं नाव सांगत नाही. गड्याचं सांगतो. केरबा. म्हणजे मीच.

धरणाच्या तळ्यात दर वर्षी माशांचं बी सोडत. मासे वाढले की शहरातले हौशी लोक गळ घेऊन येत. त्यांना जागा दाखवायची, पेंडीचं आमिष मळून द्यायचं, लागलेला मासा जाळीत घ्यायचा, हे काम म्हादूनाना करत. त्या साली नानांचा गुडघा सुजला. त्यांनी तीन दिवसांसाठी मला पाठवलं.

पाहुणे होते तेलंग साहेब. टपालखात्यातून निवृत्त झालेले. सात वर्षं येत होते आणि सात वर्षांत एक मासा लागला नव्हता.

"घरी म्हणतात, तुम्ही तळ्याला जेवू घालून येता," ते हसून म्हणाले. मग हळूच म्हणाले, "केरबा, हे शेवटचं बरं का. पुढच्या महिन्यात मुलगा आम्हाला बंगळूरला नेतोय. एक मासा हातात धरून फोटो काढायचाय. एकच."

नानांनी निघताना बजावलं होतं, "गळ पाण्यात असला की तोंड बंद. मासा बिचकतो."

पहिल्या दिवशी साहेबांनी गळ टाकला आणि त्यांना डुलकी लागली. दोऱ्याला बांधलेलं तरंगतं पीस एकदा बुडालं, दोनदा बुडालं. मी तोंड बंद ठेवलं. मग काठी घसरत घसरत पाण्यात गेली. मी ओठ आवळून धरले.

साहेब जागे झाले. "अरे, काठी कुठंय?"

मी बोललो नाही. गळ अजून पाण्यातच होता.

संध्याकाळी नानांनी कपाळाला हात लावला. "येड्या, पाण्यात काही गेलं की बोंब मारायची, आणि उडी टाकून बाहेर काढायचं!"

हे मला पटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुसरी काठी आणली. आधी मासे जमावेत म्हणून पेंडीचा गोळा पाण्यात टाकला.

"पडला! पडला!" मी ओरडलो आणि उडी टाकली. गोळा काढून साहेबांच्या हातात दिला.

त्यांनी परत टाकला. मी परत आणला. तिसरा मात्र हातात विरघळला, त्याबद्दल मी माफी मागितली. तोवर त्या कडेचे सगळे मासे पलीकडच्या गावाला गेले होते.

नाना म्हणाले, "आता शेवटचं सांगतो. बोटांवर मोजून पाठ कर. लागला की ओढायचं नाही, ढील द्यायची. धडपडू दे. दमला की कुशीवर होतो, मग जाळी घालायची. मोजायचा, फोटो काढायचा. तळहाताएवढा असला तर पोर आहे, सोडायचा. दहा किलोच्या वर असला तर अंड्याची माय आहे, सोडायचा. सोडताना अंगावर दोरा ठेवायचा नाही, कापायचा. दम येईस्तोवर पोटाखाली हात धरायचा. सोडलेला मासा पुढल्या साली त्याच काठाला येतो बघ. आणि ही दोरी घे. काठ निसरडा आहे, साहेबांच्या कंबरेला बांध."

तिसऱ्या दिवशी मी दोरी बांधली. टोक हातात धरलं.

दुपारी तो आवाज आला. कर्रर्रऽ!

"लागला! केरबा, लागला!" साहेब लहान मुलासारखे उठले, आणि घसरून पाण्यात. पाणी छातीएवढंच, पण खाली गाळ. काठी मात्र त्यांनी सोडली नाही.

"ओढ मला! ओढ!"

"घाई नाही साहेब." मी ढील दिली.

"अरे गाढवा, ओढ!"

"धडपडा, साहेब. अजून थोडं."

दमून ते कुशीवर झाले. मी जाळी घातली. डोकं तेवढं मावलं. बाकीचे साहेब धरून काठावर घेतले. पाच फूट चार इंच भरले. त्यांच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला. मग मासे तोलायच्या ताणकाट्याचा आकडा त्यांच्या पट्ट्यात अडकवून उचललं. काटा तळाला टेकला, साहेब हलले नाहीत.

दहाच्या वर. माय.

त्यांच्या कंबरेची दोरी मी कापली. काठीचा दोरा बोटांना गुंडाळला होता, तोही कापला. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक कटला मासा होता, तीनेक किलोचा, अगदी ठेवायच्या मापाचा. तो दमून आमच्याकडेच पाहत होता. मग निघून गेला.

साहेबांना बोलायला दम नव्हता. मी पोटाखाली हात घालून त्यांना हळूच पाण्यात नेलं, तोंड खोल पाण्याकडे केलं. दम आलासा वाटला तेव्हा अलगद सोडून दिलं.

ते आपले आपण बाहेर आले. गुडघाभर गाळ, केसात शेवाळ. चष्मा शोधला, पुसला, घातला. रिकाम्या काठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी बूट उचलले आणि वाटेला लागले.

मला राहवलं नाही. मी मागून हाक मारली, "साहेब, पुढल्या साली इथंच या!"

बुटांतून पाणी गळत होतं. साहेब मागं न बघता चढ चढून गेले.