राहेलमावशीने घातलेली वेणी

गोदावरीकाठच्या एका गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, सालोमी नावाची एक बाई राहत होती. नवऱ्याची पेरूची बाग होती आणि घरात कशाला कमी नव्हतं. कुणी आजारी पडलं की हुलग्याच्या पिठाच्या गरम, पातळ माडग्याचं पातेलं घेऊन सालोमी दारात उभी. कुणी बाळंत झालं की पहिले डिंकाचे लाडू तिचेच.

तिचा एक नियम होता. कुणाकडून काही घ्यायचं नाही. "प्रभूने प्रीती केली ती मोबदल्यासाठी नाही. मीही मोबदला घेणार नाही," असं ती म्हणे. वाक्य खरं होतं. म्हणूनच कदाचित त्यातली चूक कुणाच्या लक्षात आली नाही, तिच्याही नाही.

शेजारी राहेलमावशी राहत होती. वय पंच्याहत्तर, मागेपुढे कुणी नाही, दारात एक शेळी. सालोमीच्या घरून तिला आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी येई. मग मावशीही कधी दोन अंडी, कधी बांधावरची घोळाची भाजी घेऊन यायची.

"कशाला गं मावशी? तुलाच दोन घास होतील," असं म्हणून सालोमी ते परत करायची, वर चार पेरू ठेवायची.

एकदा मावशीची शेळी व्याली. मावशीने पहिल्या चिकाचा खरवस केला, त्यात वेलदोडा घातला आणि वाटी पदराखाली झाकून आणली.

"गरम हाय तोवर खा," ती म्हणाली.

"अगं, तुझी एकच शेळी! मी कसा खाऊ? मला घ्यायची सवय नाही, मावशी."

मावशीने वाटीवर पुन्हा पदर ओढला आणि ती घरी गेली. त्यानंतर ती सालोमीच्या उंबऱ्याला आली नाही.

पुढच्या महिन्यात मावशीला तापाने धरलं. सालोमी माडगं घेऊन धावली. मावशीने अंथरुणातूनच हात हलवला.

"ने परत. मलाबी घ्यायची सवय न्हाई."

सालोमीला वाटलं, तापात बोलते आहे. पण दुसऱ्या दिवशीही तेच. इतर बायकांनी खिचडी आणली, पेज आणली. मावशी सगळ्यांना एकच सांगे, "भूक न्हाई." तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली सिस्टर येऊन म्हणाली, "पोटात काही गेलं नाही तर माझ्या गोळ्या काय करणार? म्हातारी हातची जाईल."

सालोमी घरी येऊन रडली. "माझं काय चुकलं? आजवर तिचं एक अंडंसुद्धा घेतलं नाही मी!"

तिचा नवरा शमुवेल अंगणात पेरू निवडत होता. तो म्हणाला, "तेच चुकलं."

"म्हणजे?"

"प्रभू लोकांच्या घरी जेवायला बसायचा. त्याने कुणाचं ताट सरकवल्याचं मला तरी ठाऊक नाही." मग तो म्हणाला, "माझ्याशी तरी तू काय वेगळं वागतेस? दोन महिने झाले, तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्याला रुमाल बांधून फिरतेस. मी वेणी घालतो म्हटलं, तर म्हणालीस, तुमच्या हातची वेणी म्हणजे बैलाचा कासरा होईल."

सालोमी उठली. तिने माडगं पुन्हा गरम केलं आणि ती मावशीकडे गेली. पातेलं चुलीपाशी ठेवलं.

"मावशी, थोडं लोणचं देतेस? माझ्याकडचं संपलंय."

मावशीने एक डोळा उघडला. "तुझ्या फडताळात तीन बरण्या हायत. नाटकं नाताळात करतात, सालोमी. आज न्हाई."

सालोमी अंथरुणाजवळ आली. मग तिने डाव्या हाताने रुमालाची गाठ सोडली. केसांच्या जटा झाल्या होत्या. मानेपाशी तर दोरीसारखा पीळ बसला होता.

"हात वर जात नाही, मावशी," ती म्हणाली. "कुणाला सांगायला लाज वाटली. मला... माझी वेणी घालून देशील?"

गावभर पातेली पोचवताना तिचा आवाज कधी असा कापला नव्हता.

मावशी भिंतीला धरून हळूहळू उठून बसली.

"ती कोनाड्यातली फणी दे. अन् तेलाची बाटली. अशी पुढ्यात बस."

मावशीच्या हातात जोर नव्हता. दोनदा ती दम खायला थांबली. तिसऱ्यांदा तिने कपाळ सालोमीच्या पाठीला टेकवलं आणि तशीच बसून राहिली. सालोमी हलली नाही.

"किती गुंता करून ठेवलास गं! दुखलं तर सांग."

"दुखतंय."

"मग गप बस. दुखणारच."

वेणी झाली. मावशीने शेवटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि वेणीवरून एकदा हात फिरवला.

"आता आण तुझं माडगं," ती म्हणाली. "गार केलं असशील बोलण्यात."

ती वाटीभर माडगं प्यायली आणि मग तिने आणखी अर्धी वाटी मागितली.

रविवारी सालोमी रुमाल न बांधता उपासनेला गेली. वेणी वाकडी होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि कानामागे दोन बटा सुटलेल्या. पाळकांची बायको हसून म्हणाली, "सालोमीबाई, वेणी अंधारात घातलीत का?"

"राहेलमावशीने घातली," सालोमी म्हणाली. "रोज तीच घालते. म्हणते, फणी ओढायला हातात जोर लागतो. म्हणून आज सकाळी तिने अख्खी भाकरी खाल्ली."

तात्पर्य: जो सगळ्यांना देतो पण कुणाचंच घेत नाही, तो नकळत समोरच्याला लहान करतो. आपली गरज सांगून दुसऱ्यालाही देऊ देणं, हीसुद्धा निःस्वार्थ प्रीतीच आहे, आणि बहुधा तीच अधिक अवघड आहे.