न फुटलेल्या बांगड्या

"मग घरी पाठवू ना, सर?"

निरंजनने दुसऱ्यांदा विचारलं. डॉक्टर होऊन चारच वर्षं झाली होती, पण बेशुद्ध पडलेल्या पेशंटच्या हृदयाला धोका किती, याचा स्कोअर मांडण्यात वॉर्डात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

वॉर्डाचे प्रमुख डॉ. हेबळे खाटेशी स्टूल ओढून बसले. म्हातारबुवांच्या घाई ही गोष्ट गावीच नव्हती.

खाटेवर सुगंधाबाई. आठवडी बाजारात मेथी घेता घेता कोसळल्या, हनुवटी फाटली, पुढचा दात गेला. टाके पडले होते. जीव मात्र घरच्या म्हशीत अडकला होता.

"स्कोअर किती?"

"शून्याच्याही खाली, सर."

"खाली कसा गेला?"

"साधी भोवळ वाटली तर दोन गुण वजा करायचे असतात."

"कोणाला वाटली तर?"

"...डॉक्टरला."

"म्हणजे तुला."

"ऊन होतं, सर. उपाशी होत्या."

सरांनी बाईंचा हात हातात घेतला. हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटभर होत्या.

"बाई, कधी भरल्या?"

"पंचमीला, सायेब."

"बाजारात पडलात, तेव्हा किती फुटल्या?"

"एक बी न्हाई. देवाची किरपा."

सर उठले, निरंजनच्या मागे गेले आणि काही कळायच्या आत त्याला धक्का दिला. त्याचे दोन्ही तळवे भिंतीवर आपटले.

"हात पुढे कर, असं मी सांगितलं होतं?"

"नाही, सर..."

"मग यांचे का आले नाहीत?"

निरंजनने बाईंच्या हनुवटीकडे पाहिलं. मग बांगड्यांकडे. साधी भोवळ येताना माणूस हात टाकून सावरतो; हृदयच थांबलं तर तेवढीही सवड मिळत नाही. त्याने वजा केलेले दोन गुण खोडले, स्कोअर पुन्हा मांडला आणि बाईंना मॉनिटर लावला. म्हशीच्या नावाने त्यांनी बराच वेळ कटकट केली.

दुपारी चहा पिता पिता त्या एकाएकी मागे कलंडल्या. पडद्यावरची रेघ सपाट झाली... आणि बऱ्याच वेळाने, रुसलेली सून परत यावी तशी, एकेक ठोका परत आला. संध्याकाळपर्यंत पेसमेकर बसला.

घरी पाठवलं असतं तर... एवढा मोठा माणूस आपल्याला शिकवतो, या विचाराने निरंजनचा ऊर भरून आला. तो सरांच्या पायाशी वाकला. मग स्कोअरचा कागद काढून फाडायला लागला.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

"काय करतोस?"

"हा खड्ड्यात गेला, सर. आजपासून मी आधी बांगड्या बघणार."

"बघ की." त्यांनी कागद सरळ करून त्याच्या खिशात ठेवला.

"पण उद्याचा पेशंट पुरुष आहे."